सुखदेवभाऊंचा दाखला

"मॅडम, फॉर्म तुम्ही भरा, माहं काही म्हणणं नाही. पण मोबाइल नंबर पोरीच्या घरचाच टाकजा. तुमचा नका टाकू."

स्कॅनरचं झाकण एका हातानं अर्धं उचलून धरत अवचारभाऊ मला हे म्हणाले, तेव्हा मला हसू आलं होतं.

वाशीमला पोस्टाच्या मागच्या गल्लीत त्यांचं ऑनलाइन सेंटर होतं. शिष्यवृत्तीचे, परीक्षांचे, जातीच्या दाखल्यांचे, सगळे फॉर्म ते भरून द्यायचे. मी सहा महिन्यांची गरोदर होते, म्हणून त्यांनी स्वतःची खुर्ची मला दिली होती आणि ते उभे होते. माझ्या शेजारी रेणू, छातीशी प्लास्टिकची फाइल धरून. आम्ही त्यांच्याकडे फक्त कागद स्कॅन करायला गेलो होतो. फॉर्म मी घरी माझ्या लॅपटॉपवर भरणार होते.

"का बरं? माझा टाकला तर काय होईल?" मी विचारलं.

"आता पाहा ना. मेसेज येतेत, ओटीपी येते, अर्ज परत येते. सगळं तुमच्याच फोनवर येईन. उद्या साहेबांची बदली झाली, तुम्ही बाळंतपणाले माहेरी गेल्या, मंग?"

"माहेरीही फोन चालतो हो भाऊ."

"चालते ना. फोन चालते." त्यांनी काउंटरखालून एक जाडजूड रजिस्टर काढून दाखवलं. प्रत्येक मुलाचं नाव, कॉलेज, लॉगिन, पुढे तारखांचे रकाने. "मी तर मेसेजवर पण भरोसा नाही ठेवत. दर सोमवारी एकेकाचं खातं उघडून डोळ्यानं पाहतो. अर्ज कधी परत येईन, नेम नाही."

बाहेर आल्यावर मी रेणूला म्हणाले, "गिऱ्हाईक गेलं ना, म्हणून बोलतायत."

रेणू हसली नाही. "ते बरे आहेत ताई," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण तुम्ही म्हणाल तसं."

रेणूचे वडील सुखदेव घोडके, सायकलवर हत्यारांची पेटी बांधून आमच्या कॉलनीत फिरायचे. कुकर, शेगडी, मिक्सर, काय बिघडलं असेल ते दारात बसून दुरुस्त करून द्यायचे. एकदा माझ्या शेगडीचा बर्नर साफ करताना त्यांची नजर टेबलावरच्या पुस्तकांकडे गेली.

"मॅडम, तुम्ही शिकवता काय कुठं?"

"शिकवत होते. नाशिकला कॉलेजात. लग्नानंतर सोडलं."

"मंग तुमाले समजत असन." त्यांनी पान्हा खाली ठेवला. "माह्या पोरीचा बी. फार्मसीले नंबर लागला. इथंच, प्रायवेट कालेजात. आमच्या प्रवर्गाची पुरी फी सरकार भरते म्हन्तात. पण थो फॉर्म मंजूर झाला तरच. नाई झाला तर फी आमी भराची. अन् आमच्यानं थे भरणं..." ते बर्नरची छिद्रं सुईनं एकेक करून मोकळी करत राहिले.

"पाठवून द्या तिला माझ्याकडे," मी म्हणाले.

ते मी दया येऊन म्हणाले, असं नाही. वीज कंपनीतल्या नवऱ्याच्या, मंदारच्या, बदलीमागे मी या गावात आले होते. संख्याशास्त्रात एम. एस्सी. केलेली बाई दिवसभर भिंतीकडे बघत बसलेली. कॉलनीत मला सगळे 'साहेबांची मिसेस' म्हणायचे. शिकलेली बाई म्हणून कुणी माझ्याकडे काही मागायला आलं, ते हे पहिलंच. मला ते फार आवडलं.

रेणू चार दुपारी आली. दोन वेण्या, कोपऱ्यात काढलेल्या चपला आणि हातात ती फाइल. माझ्यासमोर ती पुस्तकातलं बोलायची; घाई झाली किंवा घाबरली, की मग तिची वऱ्हाडी बाहेर यायची. जातीचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, सगळं तिनं घडी न मोडता आणलेलं. उत्पन्नाचे दाखले मात्र दोन होते. एक मागच्या वर्षीचा, एक नवा. नव्या दाखल्यासाठी सुखदेवभाऊ चार दिवस धंदा बुडवून तहसीलला उभे राहिले होते, हे तिनं मला दोनदा सांगितलं.

"जुना कशाला आणलास?"

"बाबा म्हणाले, मॅडमला लागला तर? कागद जास्त असलेला बरा."

अवचारभाऊंनी दोन्ही स्कॅन करून दिले होते. फायलींना नावं नव्हती, नुसते आकडे होते. पडद्यावर बारीक दिसणारे ते दोन्ही कागद अगदी सारखे होते. तोच शिक्का, तीच चौकट, सुखदेवभाऊंचा तोच फोटो. उत्पन्नाच्या दाखल्याच्या रकान्यात मी एक फाइल चढवली. उघडून पाहिली नाही. त्या वेळी मी रेणूला मुलाखतीत कसं बोलायचं असतं ते समजावून सांगत होते, हे मला नीट आठवतं.

शेवटी मोबाइल नंबरचा रकाना आला.

"बाबांचा टाकू?" रेणूनं विचारलं. "रात्री ते घरी आले की मी वाचते सगळे मेसेज."

"त्यांचा फोन रबर लावून चालतो गं. रिचार्ज संपला की आठ आठ दिवस बंद. आणि मधे अर्जंट काही आलं तर? तू कॉलेजात, ते सायकलवर. माझाच टाकते."

मी माझा नंबर टाकला. पासवर्डही मीच ठरवला. अर्ज दाखल झाल्याची पावती पडद्यावर आली तेव्हा रेणूनं दोन्ही हात तोंडावर धरले. दुसऱ्या दिवशी सुखदेवभाऊ आले आणि न विचारता माझ्या दोन्ही कुकरांच्या रिंगा, शिट्ट्या बदलून गेले. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "मॅडम, पोरीनं घरी सांगतलं, तुमच्या हातून झालं म्हंजे झालंच."

डिसेंबरात मी नाशिकला गेले. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुक्ता झाली, पाच आठवडे आधी. दोन किलोपेक्षाही कमी. तिसऱ्या दिवशी तिचं अंग हळदीसारखं पिवळं झालं आणि तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी बांधलेलं ते एवढंसं लेकरू काचेच्या पेटीत आणि मी बाहेर बाकावर. मी तिचे श्वास मोजत बसायचे. आई म्हणायची, "अगं, असं मोजून का मूल वाढतं?" पण माझी नजर हलायची नाही. नजर हटली तर श्वास थांबेल, असं मला खरंच वाटायचं.

अशाच एका दुपारी मांडीवरचा फोन उजळला. 'आपला अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठविण्यात आला आहे.' पुढे अर्जाचा लांबलचक क्रमांक आणि मुदत दहा दिवस.

मी तो मेसेज वाचला. कळलाही. संध्याकाळी बघू, असं म्हणून अंगठ्यानं बाजूला सारला आणि पुन्हा पेटीकडे बघू लागले.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले कावीळ वाढलीये. मग मला काही आठवलं नाही. दोन दिवसांनी आणखी एक मेसेज आला असणार. तो मी उघडलासुद्धा नाही.

पहिल्या मेसेजनंतर सहाव्या दिवशी मुक्ताला घरी आणलं. दुपारची वेळ. आई बाळाला अंघोळ घालत होती आणि फोन वाजला. वडिलांच्या फोनवरून रेणू बोलत होती.

"ताई, बाळ कसं आहे?"

"बरं आहे आता. मुलगी झाली."

"हो, साहेबांनी बाबांना सांगितलं. ताई, एक विचारायचं होतं. कॉलेजात नोटीस लागली. काहींचे फॉर्म परत आलेत म्हणे, सगळ्यांनी आपापलं खातं बघा म्हणे. आपला नाही ना आला?"

मला तत्क्षणी आठवलं. निळा दिवा, मांडीवरचा फोन, सगळं. हातात अजून चार दिवस होते. 'आलाय गं, राहूनच गेलं, हा घे पासवर्ड, अवचारभाऊंकडे जा' एवढं बोलायला किती वेळ लागतो? पण आतून मुक्ता रडायला लागली, आईनं "टॉवेल आण" म्हणून हाक मारली आणि मला वाटलं, संध्याकाळी दादाच्या कॉम्प्युटरवरून मीच गुपचूप दुरुस्त करून टाकेन. म्हणजे माझ्याकडून राहिलं, हे हिला कळायलाच नको.

"नाही आला," मी म्हणाले. "आला असता तर मला मेसेज आला असता ना."

"हो ना!" तिचा आवाज एकदम मोकळा झाला. "मी तेच म्हटलं मैत्रिणींना. आमच्या ताई लक्ष ठेवून आहेत म्हटलं. बाळाची काळजी घ्या हं ताई."

त्या संध्याकाळी दादाचा कॉम्प्युटर चालू होता आणि मी त्याच खोलीत बसले होते. मुक्ता माझ्या कुशीत नुकती झोपली होती. उठले तर जागी होईल म्हणून उठले नाही. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. मुदत संपल्याचा मेसेज आला तेव्हा आम्ही दवाखान्यातच होतो. तो मात्र मी नीट वाचला आणि खोडून टाकला.

मार्चअखेर मी बाळाला घेऊन वाशीमला परतले. तिसऱ्याच दिवशी बापलेक भेटायला आले. सुखदेवभाऊ इस्त्रीच्या शर्टात होते; त्यांना तसं मी कधीच पाहिलं नव्हतं. रेणूच्या आईनं हातानं शिवलेलं झबलं-टोपडं त्यांनी माझ्या हातात दिलं. टोपड्याला बारीक लाल गोंडे होते.

"वा! हे काय मोठी झाली माय!" मुक्ताकडे बघून ते म्हणाले. "नजर काढत जा मॅडम. लय गोरी हाय."

रेणू बाळाकडे बघत होती, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. शेवटी तिनं विषय काढला. कॉलेजनं नावांची यादी लावली होती. ज्यांची शिष्यवृत्ती मंजूर नाही त्यांनी पंधरा दिवसांत पूर्ण फी भरावी, नाहीतर परीक्षेचा अर्ज घेतला जाणार नाही. यादीत तिचं नाव होतं.

"असं कसं ताई? आपलं तर सगळं व्यवस्थित होतं ना?"

मला हे माहीत होतं. हा प्रश्न येणार, हे मी नाशिकहून येताना अख्ख्या प्रवासात स्वतःशी घोकत आले होते. मी काय सांगणार, तेही ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण समोर ते दोघं बसले होते. त्यांनी चहाचे कप अजून हातात घेतले नव्हते. आधी मॅडम काय म्हणतात ते ऐकू, असा त्यांचा चेहरा.

"मी बघितलं परवा," मी म्हणाले. "उत्पन्नाच्या दाखल्यात काहीतरी प्रॉब्लेम निघाला. मागच्या वर्षीचा होता म्हणे तो."

यातला एक शब्दही खोटा नव्हता.

रेणूनं मान वळवली ती वडिलांकडे. "बाबा! म्या तुमाले म्हटलं होतं ना, जुना नका देऊ म्हून! दोन दोन कागद कायले देल्ले?"

"अवं, मले वाटलं..."

"तुमाले वाटलं! तुमाले वाचता येत नाही तर वाटू कायले देता?"

स्वतःचेच शब्द ऐकून तिला धक्का बसला असावा. सुखदेवभाऊ जमिनीकडे बघत होते. इस्त्रीच्या शर्टाची बाही ते अंगठ्यानं सारखी करत राहिले, पुन्हा पुन्हा.

"माहीच चूक हाय," ते म्हणाले. "म्या दोन्ही एकाच पिशवीत ठेवले. मॅडमनं तरी काय काय पाहाचं?"

मी मुक्ताला खांद्यावर घेतलं आणि तिची पाठ थोपटू लागले. तिला ढेकर काढायची नव्हती. मला फक्त चेहरा तिच्या मागे न्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी रेणू एकटी आली. डोळे सुजलेले.

"ताई, अवचारभाऊंकडे जाऊ या का? ते म्हणतात कधी कधी परत उघडून देतात. पासवर्ड तुमच्याकडे आहे."

पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला असता तरी चाललं असतं. पण मला वाटलं, मी सोबत असले तर पडद्यावर काय वाचायचं, काय नाही, ते मला सांभाळता येईल. म्हणून गेले. मुक्ताला रेणूनं घेतलं होतं. बाळाची पिशवी माझ्या खांद्याला.

अवचारभाऊंनी पुन्हा खुर्ची दिली. खातं उघडलं. चष्मा कपाळावरून खाली ओढून ते एकेक ओळ मोठ्यानं वाचू लागले. गिऱ्हाइकाला सगळं वाचून दाखवायची त्यांची पद्धतच होती.

"सतरा जानेवारीले अर्ज परत आला. कारण, उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा नाही. दुरुस्तीले दहा दिवस." ते थांबले. रजिस्टरचं एक पान उलटलं. "हो, त्याच आठवड्यात. या कॉलेजचे माह्याकडचे चौदा परत आले होते. फोटो पुसट, सही नाही, असंच बारीकसारीक. चौदाही दुरुस्त करून धाडले. सगळे मंजूर झाले." मग रेणूकडे बघून, "नवा दाखला तर होता तुझ्याकडं. मीच स्कॅन केला होता ना दोन्ही?"

"होता," रेणू म्हणाली.

"मंग कळवलं कसं नाही कुणी? मेसेज तर तीन डाव गेला दिसते." त्यांनी पडद्यावर बोट ठेवून एकेक आकडा वाचला. माझा नंबर. "हा कोणाचा नंबर हाय?"

रेणूला माझा नंबर पाठ नव्हता. तिच्या वडिलांच्या फोनमध्ये तो 'मॅडम' म्हणून होता. पण फॉर्मवर मी माझाच नंबर टाकला होता, हे तिला माहीत होतं; ती माझ्याकडे बघत होती.

"माहीत नाही," मी म्हणाले. "तिच्या बाबांचा जुना असेल."

अवचारभाऊंनी शांतपणे आपला फोन उचलून पडद्यावर बघत बघत नंबर लावला.

बाळाच्या पिशवीत, दुपट्यांच्या खाली, माझा फोन घरघरायला लागला.

पंखा चालू होता. मागे कुणीतरी झेरॉक्स काढत होतं. मी हलले नाही. तो आपोआप थांबेल, असं वाटत होतं. अवचारभाऊ फोन कानाला लावून समोरच्या कॅलेंडरकडे बघत होते, माझ्याकडे नाही. तेवढी सभ्यता त्यांनी पाळली.

"ताई," रेणू हळूच म्हणाली, "तुमचा फोन वाजतोय."

आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो. ऊन फार होतं. मुक्ताच्या डोक्यावर रेणूनं स्वतःची ओढणी धरली होती. पोस्टाच्या भिंतीच्या सावलीत ती थांबली.

"मी फोन केला होता तुम्हाला."

"हो."

"तेव्हा चार दिवस बाकी होते." तिनं आत उभ्याउभ्या हिशेब करून ठेवला होता.

"हो."

"तुम्ही म्हणाल्या, आला असता तर मेसेज आला असता."

मी तिला सांगू लागले. निळा दिवा, कावीळ, ताप. तिनं सगळं ऐकून घेतलं. मधे बाळाचं टोपडं सरळ केलं. मग मुक्ताला माझ्या हातात दिलं, मान नीट टेकली की नाही ते बघून.

"काल मी बाबांना काय काय बोलले," ती म्हणाली. "आयुष्यात कधी बोलले नव्हते. ते रात्री जेवले नाहीत. सकाळी पण नुसता चहा पिऊन गेले."

"रेणू, मी..."

"माझं जाऊ द्या. बाबांना सांगा तुम्ही. तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर त्यांना वाटंल, त्यांचं मन राखाले खोटं बोलते."

"सांगते. उद्याच बोलावते त्यांना."

तिनं मान हलवली आणि बसस्टँडच्या बाजूनं चालायला लागली. वळून बघितलं नाही.

उद्या गेला, परवा गेला. सुखदेवभाऊंची हाक आठवड्यातून दोनदा तरी गल्लीतून जायची. 'ए शेगडी, कुकर रिपेरवाले!' आमच्या घरापाशी आली की ती थोडी हळू व्हायची. मी खिडकीतून आत सरकायचे आणि ते सायकल ढकलत पुढच्या वळणाला जाईपर्यंत पडद्याच्या फटीतून बघत राहायचे. आज नको. आज बाळ झोपलंय. आज मंदार घरी आहे. मंदारलाही मी काही सांगितलं नव्हतं. फी आपण भरू या का, असंही मी त्याला विचारलं नाही, कारण त्यानं लगेच विचारलं असतं, का?

पंधरा दिवसांची मुदत गेली. परीक्षेचे अर्ज झाले. मे महिन्यात मंदारची सांगलीला बदली झाली.

सामान हलवायच्या दिवशी शेगडीची नळी सोडवायला मंदारनंच सुखदेवभाऊंना बोलावून आणलं. स्वयंपाकघर रिकामं झालं होतं. ओट्यासमोर ते उकिडवे बसले. मी दारात मुक्ताला घेऊन उभी. बाहेर ट्रकमध्ये कपाट चढत होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. यापेक्षा चांगली वेळ मला मिळणार नव्हती.

"रेणू कशी आहे?" मी विचारलं.

"अकोल्याले धाडली, माह्या साळ्याकडं. मेडिकलच्या दुकानात लागली. औषधाचे नावं तिले येतेतच."

"आणि कॉलेज?"

"आता कुठचं कॉलेज." नळीचा चाप ते सैल करत होते. "वरीस गेलं. तिची मायही म्हन्ते, आता पाहुणे पाहा."

चाप निघाला. तो त्यांनी तळहातावर ठेवला, पण उठले नाहीत.

"मॅडम, एक बोलू? राग नका मानू."

"बोला ना."

"तुमाले तोंड दाखवाची लाज वाटे, म्हून येत नव्हतो. दारावरून जाओ पण आवाज देत नव्हतो मोठ्यानं. तुम्ही तशा पोटुशी, चार चार दुपारी माह्या पोरीसाठी बसल्या. अन् म्या थो जुना कागद त्या पिशवीत ठेवला. फाडून फेकाले पायजे होता. तुमची सारी मेहनत माह्यामुळं वाया गेली."

मी मुक्ताला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"रेणू काय म्हणते?" मी विचारलं.

"थे म्हन्ते, बाबा, तुमची काही चूक नाही. शपथ घेऊन सांगते." ते कसंनुसं हसले. "माहं मन राखाले म्हन्ते, दुसरं काय. पोरगी हाय ना."

आता. आता सांग, मी स्वतःला म्हणाले. दाखला बरोबर होता, सुखदेवभाऊ. तुमचा नवा दाखला बरोबर होता. मी चुकीचा चढवला, मला मेसेज आला, मी वाचला, मी तुमच्या मुलीशी खोटं बोलले. सगळी वाक्यं ओळीनं तयार होती. ते मान वर करून माझ्याकडे बघत होते.

"असू द्या, सुखदेवभाऊ," मी म्हणाले. "होतं असं."

मी त्यांना माफ केलं.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. उठताना त्यांनी मुक्ताच्या पायाला हात लावून तो हात स्वतःच्या कपाळाला लावला. मंदार पैसे द्यायला लागला तर म्हणाले, "नाही साहेब, मॅडमचं लय देणं हाय माह्यावर." आणि शेगडी स्वतः उचलून ट्रकमध्ये ठेवून आले, पोत्यात गुंडाळून, काच फुटू नये म्हणून.

याला आता सात वर्षं झाली. त्यांचा नंबर मी पहिल्या वर्षी दोनदा लावला आणि रिंग वाजायच्या आत कापला. नंतर तो नंबर अस्तित्वात नाही असं ऐकू येऊ लागलं. मुक्ता दुसरीत जाते, नीट वाढली आहे, तिच्या श्वासांकडे आता मी बघत नाही. सांगलीहून वाशीमला जाता येतं. ते मला माहीत आहे. एका दिवाळीत तिकीटही काढलं होतं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी वाशीमचं असेल, किंवा कामानं तिकडे जाणार असेल, तर एक कराल का? पोस्टाच्या मागच्या गल्लीत अवचारभाऊंना विचारा, ते घर दाखवतील. सुखदेव घोडके. आता साठीला आले असतील. मी सांगितलं म्हणून आलो, असं म्हणू नका आणि माझ्या वतीनं त्यांना काही सांगूही नका. ते मलाच सांगायचं आहे. तुम्ही फक्त जाऊन या आणि मला कळवा, ते आहेत ना.